हाजेर-जवाब

इस्फहानला, तेहतीस कमानींच्या पुलाखाली
करामत बोटवाल्याचे अकरा प्लास्टिकचे हंस
कोरड्या वाळूत बसलेत.

"नदी कुठे गेली, आगा करामत?"
"नानबाईकडे, रांगेत.
पुढे माझी बायको आहे, म्हणजे उशीर होणार."

हशा पिकतो. कुणी चहा सांगतं.
बायको जाऊन सहा वर्षं झाली
हे हसणाऱ्यांना ठाऊक असतं.

याला तिथे हाजेर-जवाबी म्हणतात.
आपल्याकडे पोचेपर्यंत व चा ब झाला, एवढंच.
जवाब जो चपला घालूनच बसलेला असतो,
प्रश्नाने कडी वाजवायचा अवकाश.

रात्री माहलगा विचारते,
"बाबा, हंस भंगारात द्यायचे का?"
तो खडीसाखर दाताखाली धरतो,
वरून चहा.
खडा विरघळेपर्यंत बोलत नाही.
विरघळल्यावरही नाही.

सकाळी पुन्हा तिथेच, फडकं घेऊन.
शाळेची पोरं पुलावरून ओरडतात,
"आजोबा, पाणी?"

"गैरहजर,"
एका हंसाची मान पुसत तो म्हणतो,
"पण नाव अजून
पटावरून काढलेलं नाही."