मुक्काम लष्कर

पुण्याच्या मामेबहिणीला मी सांगते, आम्ही लष्करात राहतो,
आणि ती दर वेळी विचारते, भावजी फौजेत आहेत का?
नाहीत गं. ते दौलतगंजात चष्मे विकतात.
मी महापालिकेत, घरपट्टीच्या खिडकीवर,
जिथे जानेवारीत धुकं आत येऊन बाकावर बसतं
आणि पार्षदाचा माणूस समजून
शिपाई त्याला उठवत नाही.

नावं बघा नुसती आमच्या गावाची:
लष्कर. कंपू. छावणी.
ह्याची गोठ, त्याची गोठ, पायगा.
एकाही नावाला जोतं नाही,
सगळ्यांना खुंट्या.
नर्मदा ओलांडून, चंबळेच्या अलीकडे
कुणीतरी म्हणालं असेल, आज इथंच उतरू.
खोगिरं काढली, तीन दगडांच्या चुली मांडल्या,
पहाटे कूच करायचं ठरलं.

कूच करायचा हुकूम आला नाही.
दोनशे वर्षं त्याची वाट बघतोय,
आणि तोवर
शाळा काढली, गणपती बसवला,
भाजीवाल्याशी हिंदीत भांडायला शिकलो
(हिशेब मात्र मनात मराठीतच),
पोरी इंदूर-बडोद्याला दिल्या,
एक मजला चढवला
नकाशा मंजूर न करता.

परवा खिडकीशी खलीलभाई फर्राश आले.
टेंट हाउस आहे त्यांचं. लगीनसराईत
अख्खी गल्ली अडवून मंडप घालतात
आणि आम्हीच त्यांना नोटीस देतो.
नव्या संगणकात त्यांचा पत्ता बसेना.
तो विचारतो, नगर? विहार? कॉलनी? पुरम?
गोठ त्याला ठाऊक नाही.
मी यादीत खाली खाली जात राहिले,
तळाशी 'अन्य' होतं.
अन्य लिहू?
ते हसले. "मॅडम, खूँटा तो हमारे बुज़ुर्गों ने गाड़ा था.
आप लोग तो बाद में अंदर आकर सोए."

दुपारी डबा न खाताच दप्तरखान्यात गेले.
मोडी वाचणारे रेडीकर मंगळवारी येतात,
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी,
चहा इथला बरा म्हणून.
भिंगाखाली फर्राशखान्याची वही धरली त्यांनी:
डेरे एकोणचाळीस. राहुट्या. कनाती, पैकी उंदरांनी खाल्लेल्या चार.
खुंट्या सातशे बारा, मोडक्या एकवीस.
चाकर माणसं: करीम फर्राश, लाडू फर्राश,
आणि एक, नाव न सांगणारा पोरगा, वय अंदाजे नऊ,
रोज अर्धा शेर पीठ.

"वर बघ," रेडीकर म्हणाले. "डोक्यावर काय लिहिलंय?"
मुक्काम लष्कर.
पुढच्या पानावर मुक्काम लष्कर. त्याच्याही पुढच्या.
सालं बदलली, शाई बदलली,
मध्ये कारकुनाचा हातही बदलला असावा.
मग कुठल्यातरी उन्हाळ्यात कंटाळून
त्यानं नुसतं 'मु.' लिहिलं आणि एक टिंब दिलं.
"तिथं," ते भिंग पुसत म्हणाले,
"त्या टिंबापाशी आपण राहायला आलो."

चार वाजता खिडकी उघडली.
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी टंकलं: मु. गोठ, लष्कर.
संगणकानं जरा वेळ घेतला,
मग खलीलभाईंची पावती दिली, दंडासकट.

रात्री गल्लीत ठोकाठोक सुरू झाली.
मागच्या कुशवाहांकडे लग्न आहे,
खलीलभाईंची पोरं
गेल्या महिन्यात आम्हीच केलेल्या डांबरी रस्त्यात
लोखंडी खुंट्या मारत होती.
उद्या मला त्याची नोटीस काढायची आहे.
खुंट्या, नग किती, हे लिहावं लागतं,
म्हणून अंधारात पडल्या पडल्या मोजत राहिले.
सदुसष्टपर्यंत आले.
मग तिघऱ्याचं पाणी आलं नळाला,
एक दिवसाआड येणारं,
आणि उठावं लागलं.