अकरावा प्रश्न

पहिल्या दिवशी कुडचडकर सरांनी शिकवलं काहीच नाही.
केसांतल्या पिना काढायला लावल्या, मोजून सात,
आणि दाराशी थांबवून म्हणाले,
हा कधीच बंद नसतो.
बांबोळीच्या टेकडीवरची वीज गेली तरी नाही,
चवथीला नाही, नाताळाला नाही.
आतला हेलियम थंड आहे तोवर
हा जागा.

मग वही.
माणूस म्हणजे बहुतेक पाणी,
पाण्यात हायड्रोजन, त्याच्या पोटात प्रोटॉन,
आणि प्रोटॉन म्हणजे भोवरा,
कलून घुमणारा, न पडणारा.
त्याच्या घुमण्याच्या नेमक्या वेगाची लहर सोडली
तरच तो वळतो.
इतर हाकांना बहिरा.
आईला हे फोनवर सांगितलं,
तर म्हणाली, अगदी तुझे बाबा.

टी-वन आणि टी-टू
तीन आठवडे डोक्यात शिरले नाहीत.
चवथीला पाळीला घरी गेले.
आरतीला पंधरा घुमटं एकदम उठली,
आणि संपता संपता एकेकाचा हात मागे-पुढे होऊन
ताल विस्कटत गेला.
तो टी-टू.
लोक पाटावरून उठून आपापल्या घरी पोचले
त्याला आणखी वेळ लागला.
तो टी-वन.
चरबी लवकर घरी जाते.
पाणी उशिरापर्यंत तालात राहतं, म्हणून उजळ दिसतं.
हे मी प्रसादाच्या कागदावर लिहिलं.
तेलाचे डाग पडले, पण उत्तर बरोबर होतं.

सरावासाठी एकमेकींना आत सरकवायचो.
ठाक ठाक ठाक, मग घर्रर्र, मग कुणीतरी पत्र्यावर धोंडे टाकावेत तसं.
डोळे मिटून मी पाळीचे खनिजाचे ट्रक मोजले.
बाहेर आल्यावर पडद्यावर माझा गुडघा होता,
आणि वाटीमागे पाण्याची एक बारीक चांदणी रेघ,
जी माझीच होती
आणि मला माहीत नव्हती.

नोव्हेंबरात कायतान फेर्राव आले.
कंबर. दोन बस बदलून, रिकाम्या पोटी, गरज नसताना.
पट्टा काढला, चाव्या काढल्या,
गळ्यातलं सायबिणीचं पदक काढताना ओठ हलले.
मी अर्ज वाचत गेले.
पेसमेकर? ना. ऑपरेशन? ना.
अकरावा: डोळ्यात कधी धातूचा कण?
ना गो बाये.
मी खूण केली.

मग त्यांच्या हातांकडे पाहिलं.
मनगटापर्यंत पांढरे ठिपके, ठिणग्यांचे.
काम काय करायचा?
आमोण्याला, म्हणाले, बार्जी सांधायचो. तीस वर्षं.
आमच्या घरी खुंटीला एक चष्मा आहे,
कंपनीने दिलेला, प्लास्टिक अजून न काढलेला.
म्हणून मी अकरावा प्रश्न खोडला
आणि पुन्हा विचारला, वेगळा:
ग्राइंडर चालवताना चष्मा लावायचा?

ते हसले. पुष्कळ हसले.
चष्म्यातून सांधा दिसता कोणाक?
एकदा डोळा आठ दिवस लाल होता, म्हणाले,
मागीर आपसूक बरा झाला.

एक्स-रे काढला.
उजव्या खोबणीत एक पांढरा ठिपका,
राईच्या पावाएवढा,
कुणी पेन टेकवून विसरावं तसा.
सर फिल्म उजेडाला धरून बराच वेळ उभे होते.
मग म्हणाले, सीटीला पाठव,
आणि माझ्या खोडलेल्या ओळीवर सही केली.

कायतानबाब मात्र रागावले.
पदक गळ्यात घालत म्हणाले,
तीस वर्षं काही झालं नाही, आज तू विचारलंस आणि झालं.
मला उत्तर सुचलं नाही.
भिंतीपलीकडे तो
काही न ऐकल्यासारखा जागा होता.

रात्री होस्टेलच्या जिन्यातून घरी फोन लावला.
बाबा, खाणीच्या वर्कशॉपात तुमच्या डोळ्यात कधी काही गेलं होतं?
पलीकडे टीव्ही चालू.
जेवलीस काय, ते म्हणाले.
जेवले, बाबा.
आणि आता दुसऱ्या शब्दांत
कसं विचारायचं ते जुळवत बसले.