पाचशे एकतीस

ईरी, पेन्सिल्व्हेनिया. फेब्रुवारी. रात्रीचे दोन.
सरोवरावरचा वारा शटरच्या फटीतून शीळ घालतोय
आणि प्लाझ्मा कटरच्या पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ:
इनपुट व्होल्टेज जास्त.
टेबलावर अर्धवट कापलेली इंचभर जाड प्लेट,
चीर जिथे थांबली तिथे लोखंडाची एक गुठळी.

वांडा कोवाल्चिक म्हणते, दिवसा कधी होत नाही हे.
तिच्या डाव्या हातमोज्याला अंगठा नाही.
बोर्ड दोनदा बदलला, म्हणते,
दोन्ही वेळा बिल आलं, दोन्ही वेळा बिघाडही परत आला.
रात्रपाळीचं कुणी ऐकत नाही. हे यंत्रसुद्धा.

मी मेन स्विच पाडते, कुलूप घालते, किल्ली खिशात.
मग पाच मिनिटं काही करायचं नाही.
कपॅसिटरच्या पोटात साठलेलं आपसूक उतरू द्यायचं.
ही पाच मिनिटं कुठल्या बिलात लिहीत नाहीत.
वांडा थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून देते.
आम्ही दोघी त्या पेटीकडे बघत उभ्या,
तापातल्या पोराला झोप लागली का बघावं तशा.

कुपवाडला बाबांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये
सगळी रडगाणी कमी व्होल्टेजची.
शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली
की आमचा आर्क धापा टाकायचा, रॉड चिकटून बसायचा,
घरी फ्रिजवरचा स्टॅबिलायझर रात्रभर टक्‌ टक्‌.
जास्त मिळणं हाही आजार असतो
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

स्क्रू सगळे घट्ट. जोड स्वच्छ. वीज परत चालू.
मीटरच्या सुया टेकवते, श्वास धरून:
पाचशे एकतीस.
पाचशे चौतीस.
पाचशे एकोणतीस.
यंत्राला सोसतात पाचशे अठ्ठावीस.
तिन्ही फेज एकाच सुरात चढलेले,
म्हणजे कुठली तार सुटलेली नाही,
आणि बोर्ड बिचारे पहिल्यापासून खरंच सांगत होते.

भिंतीपलीकडे काय आहे? मी विचारते.
होतं, वांडा म्हणते. फाउंड्री.
तीन भट्ट्या. रात्रीच पेटायच्या, वीज स्वस्त म्हणून.
पेटल्या की आमचे दिवे मिणमिणायचे, आम्ही शिव्या द्यायचो.
ऑक्टोबरात बंद झाली.

बाबांचं अंथरूण आईनं सहा वर्षं बदललं.
ते गेल्यावर महिन्याभरात
तिची रक्तदाबाची गोळी सुरू झाली.
आता कसलं टेन्शन, डॉक्टर म्हणाला होता.
भार उतरला की दाब चढतो,
हे त्याला मी तेव्हा सांगू शकले नाही.

मॅनेजर ट्रेडवेल फोनवर झोपेतच म्हणतो, करा.
सगळी शेड काळोखात बुडवून
आम्ही मागच्या ट्रान्सफॉर्मरपुढचा बर्फ फावड्यानं ओढतो.
पुन्हा कुलूप, पुन्हा तपासणी, मगच झाकण.
आत, पत्र्यावर, पिवळ्या खडूसारख्या पेन्सिलीनं:
भट्ट्यांसाठी टॅप दोन पायऱ्या वर. आर. पी.
साल नाही. वांडाला असं कुणी आठवत नाही.
शेजारी ओढतो म्हणून आपलं उपाशी राहू नये
एवढीच त्याची काळजी.
ओढणारा गेला. काळजी तशीच राहिली, बोल्टनं आवळलेली.

बोटं बधिर. सतरा नंबरचा पाना दोनदा बर्फात पडतो.
दोन पायऱ्या खाली.

पाचशे पाच.
वांडा चिरेच्या टोकाशी टॉर्च आणते,
गुठळी वितळते, निळी रेघ पुढे सरकते,
ठिणग्या खालच्या पाण्यात चरचरतात.

निघताना ती विचारते, आणि फाउंड्री परत सुरू झाली तर?
मी म्हणते, मग मला फोन कर.
आम्ही दोघी शटरकडे बघतो.
ट्रान्सफॉर्मरच्या आत, आर. पी.च्या खाली
मी तारीख घातली आहे.