रीच

घोरपडे मॅडमनी फळ्यावर नरसाळं काढलं.
ह्याला फनेल म्हणायचं.
वरून माणसं ओतायची,
खाली गिऱ्हाइकं पडतात.
आमच्या आटपाडीत त्यानं रॉकेल ओतायचे.

सहा आठवडे, एक स्थानिक व्यवसाय, पाचशे फॉलोअर.
बेदाणा, भडंग, हळद
पहिल्या बाकांनीच पळवलं.
आमच्या चिठ्ठीत निघालं:
दस्तगीर नदाफ, गादी कारखाना, खणभाग.
निहाल म्हणाला, गादीचं काय दाखवणार, झोपून?

कारखाना म्हणजे एक खोली, एक यंत्र
आणि कापूस, बघाल तिथं.
चाचांच्या भुवयांवर, चहाच्या सायीवर,
कॅलेंडरच्या तारखांवर.
तेजल कोष्टीनं विचारलं, चाचा, तुमची यूएसपी काय?
त्यांनी यंत्र बंद केलं. म्हंजे?
म्हणजे तुमच्याकडं असं काय आहे,
जे दुसऱ्या कुणाकडं नाही?
बराच विचार करून म्हणाले, दमा.

आम्ही हसलो.
तेही हसले असतील,
कापसामुळं नीट दिसलं नाही.

टार्गेट ऑडियन्सचा रकाना होता,
वय, शहर, आवडीनिवडी.
लिव्ह, म्हणाले, ज्याची पाठ दुखती त्यो.
आन् हे बघ, चांगल्या गादीवर पडलं
की माणूस गादी इसरतंय.
आठवली म्हंजे टोचाय लागली.
मी वहीत लिहून घेतलं, मग खोडलं.
ब्रँड रिकॉलच्या धड्यात
नेमकं उलटं होतं.

दाराच्या चौकटीवर वीतभर, भिंतीला मातकट रेघ.
पाणी हितवर आलतं, म्हणाले.
दोनशे गाद्या.
कापूस पाणी पितो, सोडत न्हाई.
एकेक फेकायला चौघं लागायचे.
एवढा रीच आपल्याला नाही मिळायचा,
निहाल हळूच म्हणाला,
आणि स्वतःच गप्प झाला.

पाचव्या आठवड्यात रील चाललं.
स्लो मोशन, खिडकीतलं ऊन, तरंगणारा कापूस,
मागं कुठलीशी बासरी.
रात्रीत एकेचाळीस हजार.
पाटण्याहून, सुरतेहून बदामच बदाम,
एकानं विचारलं, हे काश्मीर का?
चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
माझा खोकला कापला व्हय?
कापला होता.
बासरीला मधे येत होता.

गाद्या विकल्या गेल्या, शून्य.
नरसाळ्याच्या तळाशी बोट घातलं, कोरडं.

मग हॉस्टेलवरची माझी गादी
वळकटी करून सिटी बसमध्ये घातली.
विश्रामबागेपासून कंडक्टरनं तिचंही हाफ तिकीट घेतलं.
मधे खड्डा, कडेला ढेकळं,
माझ्याआधी कितीजण झोपून गेले कुणास ठाऊक.
चाचांनी ती उसवली, पिंजली.
आतून पेनाचं टोपण निघालं, एक जुनी आठआणी
आणि कुणाच्या तरी केसातला चाप.
आठआणी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.
साडेतीनशे झाले. कमी करू का?
नको म्हटलं.

त्या रात्री झोपून कसं वाटलं
ते रिपोर्टात लिहायचं होतं, ग्राहक अनुभव, शंभर शब्द.
मला काहीच आठवेना.

तोंडी परीक्षेला कोल्हापूरहून सर आले होते.
कन्व्हर्जन?
एक, सर.
ऑरगॅनिक की पेड?
पेड, सर. साडेतीनशे. मीच दिले.
मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.
पंचवीसपैकी सतरा पडले.

पेजचा पासवर्ड
कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चाचांना दिला.
त्यांनी वाचला, मान हलवली,
चार घड्या घातल्या
आणि यंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला.
परवा गेलो होतो.
यंत्र आता हलत नाही.