अर्थ अनिश्चित

तुर्कू. डिसेंबर. तीनही वाजले नाहीत
आणि खिडकीत रात्र येऊन बसली.
खाली नदीवरची फेरी या काठाची त्या काठाला
बर्फाचा पापुद्रा मोडत.

मी तुओवी. बत्तीस वर्षं काचेवरचे डाग वाचते.
आजचा डाग नाउवो बेटावरून आला,
एका होडीवाल्याच्या बायकोच्या छातीत साठलेलं पाणी,
लिटरभर, फिकट चहासारखं.
त्यातला थेंब अल्कोहोलात बुडवला,
निळा-हिरवा रंगवला, भिंगाखाली धरला.

गर्दी होतीच. ती असणार हे ठाऊक होतं.
पण डाव्या कडेला
एका पेशीच्या पोटात दुसरी पेशी.
अख्खी. गोल. भोवती पांढरी फट,
पाहुणीसाठी खोली झाडून ठेवावी तशी.
आणि यजमानणीचं केंद्रक भिंतीशी चेपलेलं,
नखाएवढी चंद्रकोर.

मला वाटलं, गिळली.
वरच्या मजल्यावरचा आर्मास आला,
नुकताच पोहून, केस ओले, म्हणाला,
नेहमी तसं नसतं. कधी आतलीच आपणहून शिरते.
पायाखालची जमीन सुटली
की शेजारणीला मिठी मारते,
आवळत जाते, आवळत जाते,
मिठी मिटते तेव्हा ती आत असते.
मग?
मग बहुतेक वेळा पचते.
कधी आतल्या आतच एकीच्या दोन होतात.
कधी बाहेर येते, गेली तशी, धडधाकट.
आणि हे त्या बाईच्या भल्याचं की वाईटाचं?
त्यानं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
गाठ आपलीच माणसं खाते, तेवढी तरी घटते, म्हणतात काही.
काही म्हणतात, खाऊन जी उरते
ती जास्त दांडगी.

तो गेल्यावर कोपऱ्यात आणखी एक जोडी सापडली.
हिचं अर्धं अंग आत, अर्धं बाहेर.
शिरत होती की निघत होती?
काच सांगत नाही.
मीच तिला थांबवलं होतं
पाऊल उचललेलं असताना.

अहवालात याला रकाना नाही.
'आहे'वर खूण केली. ती करताना
अजूनही हात जड होतो.
मग अगदी खाली, जिथे कुणी वाचत नाही:
पेशीत पेशी, तुरळक. अर्थ अनिश्चित.

घरी इर्मेली, माझी धाकटी.
नवऱ्याचं घर सुटलं तेव्हा आठवड्यासाठी आली,
त्याला अकरा वर्षं झाली.
तिचे पडदे, तिचा रेडिओ, तिच्या आंबूस पावाचा वास;
मी सरकत सरकत खिडकीकडच्या खाटेवर.
कोण कुणाच्या जिवावर, हे आम्ही कधी बोललो नाही.
गेल्या महिन्यात म्हणाली, राउमाला एक खोली बघितलीय.
मी म्हटलं, बघ.

किल्ली फिरवली.
दारातच ती. खांद्याला पिशवी,
एक बूट पायात, एक पायपुसण्यावर.
दोघींपैकी कुणीच काही विचारलं नाही.
मी दार अर्धं धरून उभी राहिले,
थंडी आत येत राहिली.