विजेच्या बिलामागे

विजेच्या बिलामागे लिहिलंय:
मैदा, गूळ, काजूतुकडा, पतंगी कागद, एक बल्ब.
बेरीज आठशे चाळीस.
काजू खोडले. सातशे दहा.
हे म्हणाले, "काजू राहू दे, मी पान सोडतो."
दरवर्षी सोडतात.
यंदा लिहून घेतलं,
खाली सही घेतली: शांतवन पगारे.

शरणपूरच्या आमच्या गल्लीत
डिसेंबर आधी नळाच्या पाण्यात उतरतो,
मग निफाडचा पारा पेपरात येतो,
मग माळ्यावरून खोका.
खोक्यात मेंढ्या तीन, मागी दोन.
तिसरा कुठल्याशा घरबदलीत हरवला.
त्याच्या जागी बुद्धिबळातला उंट.
मान नाही, पाय नाहीत,
पण नावाचा तरी आहे.
राजा मागून चालत येतोय, असं आम्ही समजतो.

ओबेदनं मखमलाबादहून
सायकलच्या कॅरियरला बांधून आणल्या
द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, भाराभर, फुकट.
मळेवाला म्हणाला, "न्या, जाळायच्याच होत्या."
सरळ एकही नव्हती.
त्यांचंच झाड झालं,
थोडं त्र्यंबककडे झुकलेलं.

चांदणीला दोरा हवा होता.
दुकानदार म्हणाला, "नायलॉन घ्या, स्वस्त. तुटायचं नाव नको."
म्हटलं, म्हणूनच नको.
गेल्या संक्रांतीला तारेवर
एक बगळा दोन दिवस लटकत होता,
एक पंख उघडा.
साध्या सुताचं रीळ, दहा रुपये जास्त.
ते दहा मी खोडले नाहीत.

"आई, यंदा झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावू,
आणि खाली कापसाचा बर्फ."

मी बाही वर सारली.
हा हात तो रोज बघतो, कणीक मळताना;
विचारलं कधी नव्हतं.
देवळाली कॅम्प. मी सात वर्षांची.
गव्हाणीभोवती गादीतला कापूस,
आणि त्यात करंगळीएवढी एक मेणबत्ती.
आमच्या गावात बर्फ कधी पडला नाही,
पण पेटलेला मी पाहिलाय.

त्यानं कापूस उशीत परत कोंबला.
दाराशी वाळूची बादली मात्र स्वतःच आणून ठेवली,
वर खडूनं लिहिलं: पाय पुसू नये.

केक कुकरमध्ये.
शिट्टी काढली, रिंग काढली, तळाला मीठ,
सुवार्ता पाऊण तास मोरीशेजारी पाट टाकून बसली,
वास आधी कुणाला येतो यावर पैज लावून.
बेदाणे पॅकहाऊसच्या ताईंनी दिले होते,
संत्र्याच्या रसात रात्रभर फुगले.
काजू पुन्हा लिहिले होते, ते मी सांगितलं नाही.

चोवीसला, रात्री अकराला, वीज गेली.
चांदणी विझली,
गल्लीतल्या सगळ्याच विझल्या,
एकदम थंडी ऐकू यायला लागली.
मी परात काढली, कणकेची, मोठी.
दोन तांबे पाणी ओतलं,
मधोमध वाटी उपडी, वाटीवर मेणबत्ती,
आणि झाडापासून सहा पावलं दूर.
ओबेद वाकून बघत राहिला.
एक ज्योत वर, एक पाण्यात.
"एकावर एक फुकट," तो म्हणाला.

साडेबाराला टेम्पोतून गाणारी मंडळी आली,
ढोलकी, मफलर, कॅसिओ बॅटरीवर.
माणसं एकवीस, कप नऊ.
खैरनारवहिनींनी भिंतीवरूनच बारा दिले,
दोघांचे कान तुटलेले,
आणि स्वतः शाल गुंडाळून येऊन बसल्या,
शेवटच्या गाण्याला टाळीही धरली, जरा उशिरा.
गुळाचा चहा.
केकचे तुकडे दोऱ्यानं कापले, त्याच रिळाच्या,
म्हणजे कुणाला मोठा, कुणाला लहान वाटायला नको.
तरी वाटलंच.

वीज आली तेव्हा सगळे हसत डोळे चोळत होते.
मी ह्यांच्याकडे बघितलं.
ओठ लाल.
"खैरनारांनी दिलं," म्हणाले, "नाही कसं म्हणू,
सणाचं."

बिल फ्रिजवर लावून ठेवलंय, मागची बाजू वर.
सही स्पष्ट दिसते.
पुढची बाजू अठ्ठावीस तारखेला भरायची आहे.