मानशीवरची नोंदवही

इनास बोट बुडवतो, जिभेला लावतो:
आठ.
माझं यंत्र जरा घुटमळून म्हणतं,
सात पूर्णांक नऊ.
तो हसतही नाही.

दिवाडीचा बांध. भरती उलटायला अजून पाऊण तास.
कोरगुट पेरलेले म्हणतात फळ्या पाडा,
कोळंबीवाले म्हणतात राहू देत उघड्या.
गेल्या वर्षी याच दगडावर कोयते निघाले होते.

आता दोघेही माझ्या वहीत डोकावतात,
खारटपणाच्या रकान्यावर बोट ठेवून भांडतात,
पण हळू आवाजात,
दशांशाच्या टिंबाला धक्का लागू नये तसे.

पुढल्या महिन्यात मी पणजीला परत.
यंत्र इथेच ठेवते, म्हटलं.

ठेव, म्हणाला इनास.
सेल संपले तर जीभ आहे.
जीभ संपली तर

आणि फळी खाली सोडली.